आठ फुटी रीफ टँक: पंप चार आहेत, तरी खडकामागचं पाणी हलत नाही

किनाऱ्यापासून_दूर | १० जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत घरी गेली तीन वर्षं समुद्री टँक सांभाळतोय, खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळं. ८ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. काठोकाठ भरला तर ९०० लिटर, खडक आणि वाळू वजा करता पाणी साधारण ७५० लिटर. सम्प, म्हणजे पाणी साफ करून परत वर पाठवायची टाकी, खाली बेसमेंटमध्ये बॉयलरच्या शेजारी आहे. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५, तापमान २५.५ अंश, नायट्रेट १० च्या आसपास. हे आकडे महिनोन् महिने जागचे हललेले नाहीत, म्हणून जास्तच गोंधळलोय.

खडकांची रास मागच्या काचेला टेकून उभी आहे. तिच्या उजव्या टोकाला वाळूवर गडद लाल, कडेला जांभळट अशी चिकट साय धरते. नळीने ओढून काढली की तिसऱ्या दिवशी परत हजर. खडकांच्या मागे टॉर्च मारली तर करडा गाळ बोटभर साठलेला दिसतो. आणि जे सर्वात जिव्हारी लागलंय ते असं: एक हिरवी ॲक्रोपोरा (फांद्यांचं कोरल) मी सुपारीएवढा तुकडा आणून वाढवली होती, आता ती वाटीएवढी झालीये. गेल्या आठवड्यात तिच्या बुडाशी नखाएवढा पांढरा डाग दिसला. आज तो दोन नखांएवढा आहे.

टँकमध्ये चार वेव्हमेकर (आतलं पाणी हलवणारे पंप) आहेत. पाचवा घ्यावा का? की बेसमेंटमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंपच मोठा करू? इथे सेल चालू आहे, रविवारपर्यंत ठरवायचंय.

अनघा_बे_एरिया | १० जानेवारी, रात्री ११:३५

सध्या काहीही विकत घेऊ नका, प्लीज. पंधरा वर्षं कोरल पाळतेय, आणि पाण्याच्या प्रवाहाचा प्रश्न निव्वळ पंप वाढवून सुटलेला मी फार क्वचित पाहिलाय.

आधी एवढं सांगा. चारही पंप कुठे लावलेत, कुणाचं तोंड कुठे? शेवटचे उघडून कधी धुतले? आणि रिटर्नचं पाणी खरोखर किती येतंय ते मोजा. बादली धरा, घड्याळ लावा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मला नको.

ॲक्रोपोराचा फोटोही टाका. टोकं पांढरी असतील तर ती बहुधा वाढ असते, घाबरायचं कारण नाही. बुडापासून मांस सुटतंय म्हणजे मात्र तिला त्रास होतोय.

किनाऱ्यापासून_दूर | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, ऑफिसला निघण्याआधी मोजलं. ५ गॅलनची बादली, म्हणजे १९ लिटर, भरायला ३१ सेकंद लागले. ताशी २,२०० लिटर झाले. खोक्यावर १०,००० लिहिलंय! बेसमेंटपासून टँकच्या काठापर्यंत चढ ११ फुटांचा आहे, शिवाय पाइपला पाच कोपरे. एवढी घट होईल असं वाटलं नव्हतं.

वेव्हमेकर दोन डावीकडे, दोन उजवीकडे, निम्म्या उंचीवर, समोरासमोर. प्रत्येकाची क्षमता ताशी ८,०००. म्हणजे ३२,००० लिटर, टँकच्या ३५ पट. सगळीकडे २० ते ४० पट पुरे असं वाचलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. धुतले होते गेल्या उन्हाळ्यात.

फोटो जोडतोय. बुडापासूनच सुटतंय.

अनघा_बे_एरिया | ११ जानेवारी, सकाळी १०:०५

आता चित्र स्पष्ट झालं.

रिटर्नची काळजी सोडून द्या. तासाला अडीच-तीन वेळा पाणी सम्पमधून फिरतंय, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि हीटरला तेवढं पुरतं. ११ फूट चढवून टँकमध्ये खळबळ करायची म्हणजे विजेचं बिल फुगवायचं आणि उष्णता पाण्यात सोडायची. रिटर्नचं काम पाणी खाली-वर नेणं आणि वरचा तवंग ओव्हरफ्लोकडे, म्हणजे सम्पमध्ये उतरणाऱ्या निचऱ्याकडे, ढकलणं. टँकमधलं पाणी हलवण्याचं काम वेव्हमेकरचं.

एक मात्र आजच तपासा. रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर वीज गेल्यावर तेवढ्या उंचीचं सगळं पाणी सायफनने बेसमेंटमध्ये उतरेल. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) भिस्त ठेवू नका, त्यात शंखाचं एक पिल्लू अडकलं तरी तो मिटत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळीला छोटं भोक पाडून ठेवा, हवा शिरली की सायफन तुटतो.

खरा घोटाळा दोन ठिकाणी आहे. तुमचे पंप एकमेकांच्या अंगावर पाणी फेकतायत, त्यामुळे सगळा जोर मधल्या दोन फुटांत संपतो. आणि खडक मागच्या काचेला टेकवून तुम्ही भिंत बांधलीये. भिंतीमागे पाणी जाणार कुठून? जुनं पांढरं फ्लेक्स फूड चिमूटभर ओल्या बोटांनी पाण्याखाली सोडा आणि ते कुठे जातं ते बघा. काचेवर ६० सेंटीमीटरवर दोन टेप चिकटवा, किती सेकंद लागतात ते मोजा. समोर, मध्ये, टोकांना आणि खडकांच्या मागे.

द्रव_यांत्रिकी | ११ जानेवारी, दुपारी १:२०

अनघाताईंना +१. मी स्टुटगार्टला पंपांच्याच कामात आहे, घरी छोटा टँकही आहे, म्हणून यामागचं कारण थोडं सविस्तर लिहितो.

ताशी इतके लिटर हा आकडा पंपाच्या तोंडातून निघणाऱ्या पाण्याचा. कोरलला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या अंगावरून पाणी किती वेगाने सरकतं यावर त्याचं पोट आणि श्वास दोन्ही अवलंबून असतात. कोणत्याही पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पाणी संथ तर तो थर जाड, वेगवान तर पातळ. दिवसा कोरलच्या पेशींमधली शैवालं ऑक्सिजन तयार करतात, तो या थरातूनच बाहेर पडायचा असतो. साचून राहिला तर प्रकाशसंश्लेषण मंदावतं आणि पेशींना इजाही होते. रात्री उलटा व्यवहार, ऑक्सिजन आत यायला हवा. कोरल स्वतःही अंगावरच्या अतिसूक्ष्म केसांनी हा थर ढवळत असतं, २०१४ साली सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे भोवरे टिपले गेले. पण त्या केसांची पोच मिलिमीटरभराची. पुढचं पाणी आपण हलवायचं.

आता समोरासमोरच्या पंपांबद्दल. वाहत्या पाण्याला संवेग असतो, आणि दोन सारखे झोत समोरून भिडले की एकमेकांना मारतात. तेच चार पंप एका दिशेने ढकलू लागले तर प्रत्येक झोत आजूबाजूचं पाणी ओढत नेतो आणि काही मिनिटांत टँकमधलं अख्खं पाणी एका फेऱ्यात फिरायला लागतं. वरून उजवीकडे जाईल, काचेवर आपटून खाली वळेल, तळावरून डावीकडे परतेल. तो फेरा एकदा बसला की चालू ठेवायला कमी ताकद लागते. झोपाळा सुरू करताना जोर लागतो, नंतर हाताचा हलका धक्का पुरतो, तसं.

दर काही तासांनी दिशा उलटवायची, म्हणजे फांद्यांच्या दोन्ही बाजू धुतल्या जातात.

कुणी 'पल्स' लावून टँकमध्ये लाट उठवायला सांगेल, म्हणून हेही. तुमच्या लांबीच्या आणि खोलीच्या टँकचा नैसर्गिक हेलकावा सुमारे सव्वादोन सेकंदांचा येतो. पंप त्या तालात चालू-बंद केला तर लाट भराभर वाढते. मधल्या भागात पाणी आडवं झपाट्याने येतं-जातं, कोरलला ते मानवतं. पण दोन्ही टोकांना पातळी वर-खाली होते, आणि आठ फुटी टँकच्या जोडांवर, स्टँडवर तो ताण दिवसरात्र पडतो. लावायचीच असेल तर लाट दोन-अडीच सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

मालवणचो_झील | ११ जानेवारी, रात्री ९:१०

मी सिंधुदुर्गाच्या परिसरात प्रवाळांच्या पाहणीचं काम केलंय, टँक कधी पाळला नाही. पण समुद्रात काय दिसतं ते सांगू शकतो.

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर डुबकी मारली की पहिली गोष्ट अंगाला कळते ती ओढ. पाणी तुम्हाला हातभर पुढे नेतं, क्षणभर थांबवतं, हातभर मागे आणतं. पुढे-मागे, पुढे-मागे, अखंड. त्याच्यावर भरती-ओहोटीचा सहा तासांचा संथ प्रवाह, आणि त्याच्यावर उधाण आणि भांगाचं पंधरवड्याचं चक्र. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात खेचतं, भांगाला मरगळलेलं असतं. म्हणजे वर कुणी लिहिलंय तसं दर काही तासांनी दिशा बदलणं हे समुद्राच्या चालीशी जुळणारं आहे.

कोणतं प्रवाळ कुठे राहतं तेही या ओढीवर ठरतं. पोरायटिसचे गोल दगड मार खातात आणि टिकतात. टर्बिनेरियाच्या पसरट ताटल्या आडोशाला. ताटलीवर गाळ बसला की ती चिकट स्राव सोडून तो ढकलते, पण रोज रोज ढकलावा लागला तर तिची सगळी शक्ती त्यातच जाते. तुमच्या खडकामागच्या बोटभर गाळाचं वाचून तेच आठवलं.

१९९८ साली जगभर प्रवाळं पांढरी पडली. त्यानंतर ओकिनावात नाकामुरा आणि व्हॅन वोएसिक यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच जातीची ॲक्रोपोरा, तेच गरम पाणी. काही तुकडे सेकंदाला २-३ सेंटीमीटर वेगात, काही ५०-७० मध्ये. संथ पाण्यातले मोठ्या संख्येने मेले, वेगवान पाण्यातले तगले. तापमान तेच होतं!

चिंचवडकर | ११ जानेवारी, रात्री १०:०२

खूपच छान चर्चा. माझा चार फुटी समुद्री टँक आहे, सध्या फक्त मासे. मालवणकर, आपल्याकडचं थोडं प्रवाळ मिळवून त्यात लावता येईल का?

मालवणचो_झील | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नाही हो, हे अजिबात करू नका. सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखीच. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नये. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. तिथली प्रवाळं इंच इंच वाढलेली मी पाहिली आहेत. कुणी दुकानदार 'आपल्या समुद्रातलं आहे' म्हणून देऊ लागला तर घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

चिंचवडकर | ११ जानेवारी, रात्री १०:५५

समजलं. माशांवरच थांबतो. धन्यवाद.

किनाऱ्यापासून_दूर | १३ जानेवारी, रात्री ११:२०

फ्लेक्स टाकून मोजलं. मुलगी घड्याळ घेऊन बसली होती, मी स्टुलावर.

समोरच्या काचेजवळ ६० सेंटीमीटर जायला ४ सेकंद. म्हणजे सेकंदाला १५ सेंटीमीटर, चांगलंच. मधोमध कण नुसते गरगरत राहिले, कुठे जाईचनात. उजव्या टोकाला, जिथे लाल साय धरते, तिथे २० सेकंद. खडकांच्या मागे टेप दिसत नव्हती म्हणून अंदाजाने, ४० सेकंदांच्या वर. शेवटी कण खाली बसले आणि तिथेच राहिले.

एक पंप काढून उघडला. आतल्या पंख्यावर गुलाबी चुनखडीचा थर, जाळीत शेवाळाचे धागे, आणि चुंबकाच्या टोकाला गंज. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून तासभर भिजवला, टूथब्रशने घासला, तर झोत दुप्पट लांब जातोय! गंजलेलं चुंबक मात्र टँकमध्ये परत घालायचं नाही असं ठरवलंय. तो पंप बाद.

जर्सीकर_काकू | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

मीही न्यू जर्सीतच. या धाग्यात अजून कुणी विजेबद्दल बोललं नाही म्हणून लिहितेय.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती. आमचा १२० गॅलनचा टँक होता. थंडीची भीती वाटत होती म्हणून सगळ्या रजया टँकभोवती गुंडाळल्या. पण मासे थंडीने गेले नाहीत. पहिल्याच रात्री पाणी थांबल्यावर ते वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. पाणी हललं नाही की हवेशी देवाणघेवाण थांबते, आणि खडक, वाळू, कोरल सगळेच ऑक्सिजन ओढत असतात. आम्ही दोघं आळीपाळीने पातेल्याने पाणी उपसून वरून ओतत बसलो, दर वीस मिनिटांनी. पहाटे शेजाऱ्यांनी मासेमारीच्या डब्याला लावायचे बॅटरीवरचे दोन छोटे एअर पंप आणून दिले, त्यावर बाकीचे दिवस निघाले. टँग मासा गेला, बाकीचे वाचले.

म्हणून पंप बदलणारच असाल तर डीसी घ्या, ज्याला थेट बॅटरी जोडता येते. एक पंप अगदी मंद गतीवर चालला तरी बॅटरी खूप तास पुरते. हे काम पुढच्या वादळावर टाकू नका.

चिंचवडकर | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

काकू, हे आमच्याकडे रोजचंच. गुरुवारी मेंटेनन्स म्हणून चार-पाच तास वीज जाते. माझ्याकडे जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्यावर एसी पंप लावला की घरघर करतो आणि तापतो.

द्रव_यांत्रिकी | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

त्यावर एसी पंप नका चालवू, साइन वेव्ह घ्या. किंवा काकूंनी सांगितलंय तसा १२ किंवा २४ व्होल्टचा डीसी पंप.

किनाऱ्यापासून_दूर | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

धागा वर काढतोय, कारण काम झालंय आणि तपशील सांगायचेत.

तीन रविवार लागले. एकदम सगळे खडक हलवायचे नाहीत, साठलेल्या गाळाने टँक कोलमडू शकतो असं अनघाताईंनी फोनवर बजावलं होतं. पहिल्या रविवारी फक्त उजवा तिसरा हिस्सा. बायको सायफनची नळी धरून उभी, मी एकेक खडक उचलतोय, आणि खडक उचलला त्याच क्षणी ती खालचा गाळ ओढून घेतेय. दोन बादल्या काळपट पाणी निघालं. एका जागी वाळू अगदी काळी होती आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तो भाग न ढवळता आख्खाच नळीने काढून टाकला. ८० लिटर नवीन पाणी आदल्या रात्रीच मिसळून, गरम करून ठेवलं होतं.

आता भिंत राहिलेली नाही. दोन बेटं आहेत, मध्ये २५ सेंटीमीटरची वाट, मागच्या काचेपासून १२ सेंटीमीटर अंतर. बरेच खडक चक्क काढलेच, ते खाली सम्पमध्ये गेले. बेटांच्या पायाशी आरपार भोकं ठेवलीत, मासे त्यातून ये-जा करतात. मुलगी म्हणते टँक मोठा झाला.

पंप: जुने तीन धुतलेले, आणि बाद केलेल्याच्या जागी एक मोठा डीसी. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, सगळे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभराच्या आत. पण आता एका वेळी एकच बाजू जोरात. सहा तास डावी बाजू ढकलते तेव्हा उजवी अगदी मंद, मग उलट. रिटर्नची दोन तोंडं थोडी वर वळवली, पृष्ठभाग सतत थरथरत असतो.

कागदावर ३५ पट होतं ते आता २५ सुद्धा नसेल. कण टाकून पाहिलं. समोर ४ सेकंदच. मधल्या वाटेत ५. उजव्या टोकाला ७. खडकांच्या मागे ९! आता मागेही टेप दिसते.

दोन चुका झाल्या. पहिल्या दिवशी डाव्या कोपऱ्यातली वाळू उडून काच उघडी पडली, पंप दोन इंच वर घेतल्यावर थांबलं. आणि टॉर्च कोरलचा (लांब मऊ बोंडांचं कोरल) गुच्छ थेट झोताच्या वाटेत आला. त्याची बोंडं एका बाजूला दबून, चपटी होऊन राहिली होती.

अनघा_बे_एरिया | ३ फेब्रुवारी, रात्री ११:००

वा! वाचून फार बरं वाटलं.

टॉर्चला आजच हलवा, सकाळची वाट नको. त्याच्या सांगाड्याची धार बारीक असते, मांस त्यावर घासत राहिलं तर फाटतं, आणि फाटलेल्या जागी तपकिरी जेलीसारखा संसर्ग धरला की आख्खं डोकं दोन दिवसांत जातं. बेटाच्या मागे, खाली, जिथे बोंडं सावकाश डुलतील तिथे ठेवा. ॲक्रोपोरा उलट वाटेच्या तोंडाशी, वर. पंपापासून मात्र दीड फूट तरी लांब, अगदी तोंडासमोर कुणालाच मानवत नाही.

लाल साय लगेच जाणार नाही. ओढून काढत राहा आणि खाणं थोडं हात राखून घाला. फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका, तेही कोरलला घातक.

द्रव_यांत्रिकी | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

९ सेकंद म्हणजे मागे सेकंदाला साडेसहा सेंटीमीटर. गाळ बसू न द्यायला चांगलं आहे. कोरल वाढतील तशा या वाटा बुजत जातील, तेव्हा दर सहा महिन्यांनी तीच चाचणी त्याच टेपवर करा.

किनाऱ्यापासून_दूर | १७ मार्च, रात्री ९:४५

सहा आठवडे झाले.

लाल साय चौथ्या आठवड्यात विरळ झाली, आता तळहाताएवढा एक डाग उरलाय, तोही फिकट. मागे गाळ नाही, सगळा ओव्हरफ्लोकडे जातो. फिल्टर सॉक (गाळ अडवणारी पिशवी) पूर्वी आठवडाभर चालायचा, आता तिसऱ्या दिवशी तुंबतो. टॉर्च पूर्ण फुललाय.

ॲक्रोपोराचा पांढरा डाग तीन नखांपर्यंत गेला आणि थांबला. मेलेल्या भागावर आधी हिरवट शेवाळ आलं, मला वाटलं संपलं. काल भिंगातून पाहिलं तर जिवंत मांसाच्या कडेला कागदासारखी पातळ, फिकट हिरवी किनार आहे, आणि ती त्या शेवाळावर चढतेय. रात्री दिवे मालवल्यावर लाल बॅटरीने पाहिलं, फांद्यांवरचे सगळे पॉलिप (कोरलचे इवलेसे जीव) बाहेर, आणि पाणी उजवीकडून येत होतं म्हणून सगळे डावीकडे झुकलेले. मध्यरात्री पंपांनी बाजू बदलली. ते झुकणं फिरेपर्यंत मी आणि मुलगी तिथेच बसून होतो.

चिंचवडकर | १८ मार्च, सकाळी ८:०५

दादा, मनापासून अभिनंदन! फक्त माशांच्या चार फुटी टँकला दोन पंप एकाच बाजूला लावले तर चालतील का? आणि धुवायचे किती दिवसांनी?

किनाऱ्यापासून_दूर | १८ मार्च, सकाळी ८:४०

चालतील, पण आधी चिमूटभर फ्लेक्स टाकून बघा. मी आता दर दोन महिन्यांनी एक असे पाळीपाळीने धुतो, म्हणजे चारही एकदम बंद पडत नाहीत. व्हिनेगरनंतर साध्या पाण्यात नीट खळबळून घ्या, आणि चुंबकाच्या कडेला गंजाचा ठिपका दिसला तर तो पंप परत लावू नका.